दारातला कोरडा नळ

आमच्या घरमालकांच्या फाटकाशेजारी एक पितळी नळ होता आणि त्याला पाणी नव्हतं. कधी आलंच नव्हतं. नळाखाली पांढऱ्या टाईल्सचा ओटा, ओट्याला उतार, उताराच्या टोकाला जाळी आणि जाळीतून थेट गटारापर्यंत पाईप, अशी सगळी जय्यत तयारी. फक्त पाण्याच्या पाईपचं दुसरं टोक कंपाउंडच्या भिंतीतून रस्त्याकडे आलेलं आणि तिथं बूच मारून बंद केलेलं. महानगरपालिकेची लाईन येईल तेव्हा तिला शोधाशोध करायला लागू नये म्हणून! आणि हा कोरडा ठणठणीत नळ काका रोज सकाळी जुन्या बनियनच्या फडक्यानं चकचकीत पुसायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, झालं, खोली इतकी स्वस्त का मिळतेय ते कळलं.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. मी तेव्हा वाघोलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि खोली शोधत होते. एकट्या बाईनं खोली शोधणं काय असतं हे जिनं शोधलीय तिला सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. आडनाव काय, गाव कुठलं, मटण-मच्छी चालते का, लग्न का नाही केलं. एका आजोबांनी तर फक्त पत्रिका मागायची बाकी ठेवली होती. काकांनी यातलं काहीही विचारलं नाही. मला वर नेलं, बेसिनचा नळ उघडला, बंद केला आणि म्हणाले, "आता आपण करून दाखवा." मी उघडला, बंद केला. ते वाकून तोटीकडे पाहत राहिले. थेंब पडला नाही तेव्हा सरळ होऊन म्हणाले, "जमते आपल्याला. या राहायला." झाली मुलाखत. माझं आडनाव त्यांनी भाडेकरारावर वाचलं असेल तर तेवढंच, आणि तेही वाचलं असेल असं मला वाटत नाही.

मूळचे ते भंडाऱ्याकडचे. तरुणपणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून लागले, संसार तिथल्याच क्वार्टरमध्ये केला आणि निवृत्त झाल्यावर वाघोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हे घर बांधलं. पुण्यात जन्म गेल्यामुळे 'अहो' आणि 'आपण' जिभेवर बसलं होतं, पण जीव वरखाली झाला की बोली सरळ भंडाऱ्याला जाऊन पोचायची. 'का'च्या जागी 'काऊन' ऐकू आलं की समजावं, पारा चढला.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम रबराचे वायसर असायचे. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं, रुमाल असतो, यांच्या खिशात वायसर. कुठंही गेले की आधी तिथले नळ बघायचे. गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, तर हात धुवायच्या बेसिनचा नळ गळत होता. बस्स. काकांनी बाह्या वर केल्या. मुलाच्या वडिलांना वाटलं, हा कार्यालयाचाच माणूस. ते म्हणाले, "अहो, तिकडे संडासातलाही बघा जरा." आणि काकांनी तोही बघितला! पंगती उठल्या, जिलबी संपली, तरी यांचा पत्ता नाही. शेवटी आले ते बाह्या कोपरापर्यंत ओल्या आणि डोक्यावर अक्षता तशाच. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "नळाशीच लग्न लावायचं होतं. मला कशाला आणलं क्वार्टरात?"

"तुमच्या हातचा नळ गळत नव्हता," काका म्हणाले. काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते भाताच्या पातेल्यात तोंड घालून लपवलं.

आता तुम्ही म्हणाल, पाण्याचं एवढं वेड असलेल्या माणसाच्या घरी पाणी यायचं कुठून? तर वापरायचं पाणी टँकरचं. काका टँकर मागवायचे, टाकी भरून घ्यायचे, त्याचा हिशेब वेळच्या वेळी चुकता करायचे आणि विषय संपवायचे. प्यायचं पाणी मात्र दर रविवारी खडकीहून यायचं. स्कूटरच्या पायाशी एक कॅन आणि मागच्या सीटवर दोरीनं बांधलेला दुसरा. क्वार्टरच्या समाजमंदिराबाहेर एक सार्वजनिक नळ होता, त्याचं ते पाणी.

मी एकदा चिडवलं त्यांना. "काका, नगर रस्त्याचं ट्रॅफिक तुडवून पाणी आणता? समोर गल्लीत विहिरीचं एवढं गोड पाणी आहे, तेही फुकट."

"फुकट आहे म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"खडकीचा तो नळ मला ओळखत नाही, मॅडम. कोणालाच ओळखत नाही. फिरवला की पाणी देते. लय चांगला नळ आहे."

मी म्हटलं, यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वर गेले आणि शेजारच्या घरून भरून आणलेलं विहिरीचं गार पाणी ग्लासभर प्यायले. तेव्हा मला त्यात काही कळलं नव्हतं.

ती विहीर तात्यांची. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला तात्यांचं घर होतं. तात्या मूळचे वाघोलीचे, आमची अख्खी गल्ली म्हणजे एके काळी त्यांचं ज्वारीचं शेत. प्लॉट पाडून शेत विकलं, पण विहीर ठेवली. विहिरीवर मोटर बसवली, भिंतीभिंतीनं प्रत्येक घरात पाईप नेऊन दिला आणि रोज सकाळी तात्या स्वतः मोटर चालू करायचे. कोणाकडून छदाम घेतला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "पानी ही काय इकायची वस्तू हाय व्हय?" माणूस दिलदार, त्यात शंकाच नाही. घरात नवीन भाडेकरू आला की तात्या स्वतः येऊन विचारायचे, "पानी येतंय का वर? प्रेशर हाय का?" आमच्या घरात त्यांचा पाईप नव्हता, तरी पाण्याची चौकशी करायला माझ्याकडेही आले होते. जात नाही, पात नाही, भाषा नाही. बिहारहून आलेल्या गवंड्यालाही तेच पाणी आणि आयटीवाल्यालाही तेच.

काकांचं घर बांधून झालं तेव्हाही ते आले होते म्हणे, पाईपचं भेंडोळं खांद्यावर घेऊन. काकांनी हात जोडले. "तात्या, आपली मेहरबानी. पण नको." तात्यांना आधी कळेचना. गल्लीत पाणी नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग हसले, पाईप परत खांद्यावर टाकला आणि जाताना म्हणाले, "येडं हाय बिचारं." त्यांच्या मनात राग नव्हता. पण गल्लीला राग आला. एवढा मोठा माणूस घरी आला आणि यांनी नको म्हटलं? माज नाही तर काय!

काकूंची यात पंचाईत. टँकरच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी तुरीचा दाणा आपला ताठ. मग काका दुपारी आडवे झाले की काकू शेजारणीकडून कळशीभर विहिरीचं पाणी आणायच्या. संध्याकाळी ताटात मऊ वरण आलं की काका बोटानं ते जरासं दाबून बघायचे आणि काकूंकडे पाहायचे. काकू पोळी लाटत राहायच्या. काका वरण मात्र दोनदा घ्यायचे.

तर काकांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या दारात, आपल्या नावाचा, महापालिकेचा नळ. मुख्य रस्त्यावर मोठी लाईन येऊन गेली होती. काका पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इतक्यांदा गेले की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून खुर्ची सरकवायचा. तिथल्या साहेबांनी सांगितलं, एका घरासाठी गल्लीत लाईन आणता येत नाही. निम्म्याहून जास्त घरांनी मागणी करू द्या, लगेच काम धरतो. म्हणजे काकांचा नळ आता त्यांच्या एकट्याच्या हातात राहिला नव्हता. गल्लीनं हो म्हटलं तरच तो येणार होता. आणि गल्लीशी काकांचं काय सूत होतं ते मी सांगितलंच.

पण काका खचणाऱ्यातले नव्हते. रोज संध्याकाळी खडकीच्या पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला घेऊन एकेका घरी जायचे. मला बरोबर न्यायचे. "मॅडम, आपण चला. आपण बोलल्या की लोक ऐकतीन." कोणी ऐकायचं नाही, पण चहा मिळायचा.

पहिल्याच घरी, म्हणजे समोरच्या, वहिनींनी पेल्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काका, याला औषधाचा वास येतो हो."

"येते. माठात ठेवा. सकाळपर्यंत जाते."

"पण आमच्या विहिरीला नाहीच ना येत! आणि पिठलं करून बघा ह्या पाण्यात. नाही मजा."

पुढच्या घरी मीटरची भीती. "आज फुकट म्हणतील, उद्या मीटर लावतील, परवा घरपट्टीत चढवतील." तिसरीकडे चाळीच्या खोल्या काढलेला मालक. तो दात कोरत म्हणाला, "भाडेकरूंना काय करायचाय नळ? आज आहेत, उद्या नाहीत." एका कंपनीत पाळीवर जाणारी बाई मात्र नीट बोलली. म्हणाली, "काका, तात्यांची मोटर सकाळी लागते म्हणजे लागते. महापालिकेचं पाणी मी कामावर असताना आलं तर कोण भरणार? माझी सासू?" काका म्हणाले, "हे बाकी खरं बोलल्या आपण," आणि घरी येऊन दोन दिवस त्यावरच विचार करत बसले. मग परत त्या बाईकडे गेले आणि सांगितलं की बॉलकॉक लावून टाकी आपोआप भरेल, तो मी लावून देईन. ती हो म्हणाली. अख्ख्या गल्लीत ती पहिली.

पण या सगळ्या कारणांच्या खाली खरं कारण एकच होतं, आणि ते प्रत्येक घरात निघताना दारात, हळू आवाजात निघायचं. "काका, तात्यांना काय वाटेल हो?"

वास चालला असता, मीटरही चालला असता. पण ज्या माणसानं इतकी वर्षं पाणी पाजलं त्याच्या डोळ्यांदेखत दारात नळ घ्यायचा? ते शोभतं का? मलाही आतून तसंच वाटायचं. परतताना मी काकांना म्हटलं, "लोकांचं चुकतंय असं मला नाही वाटत. तात्या चांगले आहेत."

"चांगले आहेत. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

"मग?"

"बटण कोणाच्या बोटाखाली आहे, ते पाहा ना."

मला वाटलं, हे म्हणजे उगीच कीस काढणं झालं.

आणि मग गौरी आल्या. आदल्याच दिवशी गल्लीतल्या कोणाच्या तरी मुलानं गाडी मागे घेताना तात्यांच्या फाटकाचा खांब पाडला होता. पाडला तर पाडला, वर म्हणाला, "खांबच रस्त्यात आलाय तुमचा." तात्या त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटर लागली नाही. लोकांना वाटलं, लाईट गेली असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही लागली नाही. तो दिवस नेमका गौरीजेवणाचा. घराघरात पाहुणे, सवाष्णी, सोळा भाज्यांचा ढीग, आणि नळाला हवा! पुरुषमंडळी तात्यांच्या ओसरीवर जाऊन हात जोडून आली. तात्या म्हणाले, "त्या पोरानं माफी मागावी, मोटर लावतो." पोरगा मित्रांबरोबर लोणावळ्याला गेलेला. वहिनींनी, त्याच पिठल्यावाल्या, पातेली तशीच ठेवून गौरीपुढे बसून डोळ्यांतून पाणी काढलं. काका टँकर मागवून घरोघर बादल्या पोचवत होते. घामानं निथळत होते, पण 'बघा, मी सांगत होतो' असं अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना कायमचं मानलं.

पोरगा आला, पाया पडला, मोटर सुरू झाली. सगळं पहिल्यासारखं झालं असं पुरुषांना वाटलं. बायकांना तसं वाटलं नव्हतं. गौरी विसर्जन करून वहिनी सरळ आमच्या फाटकात आल्या, मागून आणखी चौघी. "काका, कुठं सही करायची?" वासाचं कोणी काढलं नाही. निम्मी काय, आठवडाभरात दोन-तीन घरं सोडली तर सगळी गल्ली तयार झाली. तात्यांनी स्वतः मात्र नळ घेतला नाही. "माझ्या विहिरीला काय धाड भरलीय?" असं म्हणाले आणि बरोबरच म्हणाले.

खणाखणी झाली, लाईन आली, काकांच्या भिंतीतलं बूच निघालं, पाईप जोडला गेला. पाणी सुटायचा दिवस ठरला. आणि इथं गल्लीनं एक चूक केली. म्हणजे मनानं अगदी चांगली, पण चूक. सगळ्यांच्या पोटात तात्यांविषयी ओशाळल्यासारखं होतंच. मग कोणीतरी काढलं की पहिला नळ तात्यांच्या हस्ते उघडूया. मोठा माणूस आहे, मान राहील, वाईट वाटणार नाही. आणि नळ कोणता? तर अर्थातच काकांचा. टाईल्सचा ओटा, पितळी तोटी, असा नळ दुसरा होता कुठं? कल्पना इतकी छान की ती काकांना विचारायची असते हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर हाराची ऑर्डर दिली.

सकाळी फाटकाशी ही गर्दी. नळाला झेंडूची माळ, ओट्यावर हळद-कुंकू, नारळ. काका पांढराशुभ्र सदरा घालून बाहेर आले. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधीच पाहिला नव्हता. तेवढ्यात तात्या आले, फेटा बांधून, मागे चार माणसं. कोणीतरी ओरडलं, "चला तात्या, होऊ द्या उद्घाटन!" तात्या ओट्याजवळ आले आणि वाकून तोटीकडे हात नेला.

काकांनी त्या तोटीवर आपला हात ठेवला.

"तात्या, आपण मोठे," ते म्हणाले. "बसा, चहा घ्या, माझं घर आपलंच आहे. पण या नळाला पहिला हात माझा लागन. दुसऱ्या कोणाचा नाही."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तात्या हळूहळू सरळ झाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते शांतपणे म्हणाले, "उघडा की. तुमचाच नळ हाय." आणि वळून चालायला लागले. चहा घेतला नाही. गर्दी त्यांच्यामागे ओसरली. जाताना कोणी म्हणालं, "दाखवली ना शेवटी लायकी." ते काकांना ऐकू गेलं. मलाही गेलं. त्या माणसाला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं आणि सगळे खाली बघत चालत राहिले. मी मागे वळून त्याला चांगलं फैलावर घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काकांनी नळ उघडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ लाल पाणी, मग स्वच्छ. समोर मी आणि काकू, बाकी कोणी नाही. काका प्यायले नाहीत. काकूंना म्हणाले, "तू बंद कर." काकूंनी बंद केला. "आता उघड." त्यांनी उघडला. मग ते ओट्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. पांढरा सदरा पार भिजला.

दुपारी काकू वर आल्या. मी फुरंगटूनच होते. म्हटलं, "एक मिनिट तात्यांनी हात लावला असता तर काय झिजणार होतं?"

काकू खाली बसल्या. म्हणाल्या, "बाई, यांच्या गावात विहीर होती. आमच्या लोकांना हात लावू देत नव्हते. सासूबाई घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, हे पदराला धरून. कोणी आलं आणि मनात आलं तर वरून ओतायचं. नाही आलं तर ऊन होईपर्यंत उभं राहायचं. कोणी ओतताना हसायचं, कोणी मुद्दाम अंगावर सांडायचं. ते हे विसरले. पण एक बाई होती, फार मायेची. रोज आठवणीनं यायची, घागर काठोकाठ भरून द्यायची, यांना गूळ द्यायची. तिला हे विसरले नाहीत." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणतात, तिच्यावर रागवताही यायचं नाही. इतकी चांगली होती. पण विहिरीला आईचा हात तिनंही कधी लागू दिला नाही."

मला माझाच राग आला आणि त्या हाराचीही लाज वाटली.

गल्लीनं काकांशी बोलणं टाकलं. नळाचं पाणी घरोघर खळाळत होतं आणि ज्यानं ते आणलं त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. फक्त ती पाळीवाली बाई आणि वहिनी तेवढ्या यायच्या. काका आपला नळ पुसायचे, आता ओला असायचा म्हणून दोनदा. फाटकाशी उभं राहून तात्यांच्या घराकडे बघायचे, पण गेले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या बाजूला टॉवर उभे राहिले. त्यांनी खोल खोल बोअर मारले आणि तात्यांची विहीर खाली खाली जात एका दिवशी तळाला गेली. मोटर कोरडी फिरून जळाली. एवढ्या जन्मात न आटलेली विहीर! तात्या काठावर बसून नुसते आत बघत राहायचे. मग टँकर मागवू लागले, पण उन्हाळ्यात टँकर कोणाच्या बापाचा नसतो. गल्लीनं आपणहून निरोप धाडले. "तात्या, चिंता करू नका, आम्ही दोन कळश्या पाठवून देतो." प्रत्येक घरातून निरोप गेला. इतकी वर्षं त्यांचं पाणी प्यायलेली माणसं, मनापासून सांगत होती. तात्या प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, "हाय आमच्याकडं. लागलं तर सांगतो." घरात घोटभर पाणी नव्हतं आणि सांगत होते हाय. निरोप न धाडणारं घर एकच होतं, आमचं. काकूंनी दोनदा विषय काढला, काकांनी दोनदा नाही म्हटलं. मला वाटलं, अजून धरून बसलेत मनात.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते, तर फाटकाबाहेर तात्या उभे. डोक्याला फेटा नाही, हातात कळशी. गल्लीतली सगळी दारं किलकिली झाली. काका नळ पुसत होते, त्यांनी मान वर केली. तात्यांनी फाटकावरून कळशी पुढं केली.

काकू धावत आल्या आणि कळशी घ्यायला हात पुढं केला.

"त्यांच्या कळशीला हात लावू नको," काका कडाडले.

समोरच्या खिडकीत वहिनींनी तोंडावर हात धरला. तात्यांचा हात तसाच फाटकावर राहिला. मी म्हटलं, "काका, काय करताय हे?"

काकांनी फाटकाची कडी काढली आणि फाटक सताड उघडलं. मग नळापासून लांब, जिन्यापर्यंत मागे सरले. "मी भरून देणार नाही, तात्या. आपण आत या. आपल्या हातानं उघडा, पाह्यजे तेवढं भरा."

तात्या आत आले. वाकले. तोटी कोणत्या बाजूला फिरते हे त्यांना चटकन कळेना, पण काका जागचे हलले नाहीत, आम्हालाही हलू दिलं नाही. मग पाणी आलं. कळशी भरली. तात्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली, आणि म्हणाले, "औषधाचा वास येतोय."

"येते. माठात ठेवा."

तात्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. म्हणाले, "समद्यांनी पाठवतो म्हून सांगितलं. तुमीच काय ते बोलला न्हाईत. म्हून हितं आलो."

तात्यांनी कळशी उचलून खांद्यावर घेतली आणि गेले. त्यांचं वय बघता मला राहवेना. मी म्हटलं, "निदान घरापर्यंत पोचवून तरी द्यायची होती."

"नाही जी," काका म्हणाले. "आज ते बाहेर उभे होते. उद्या पाहा."

दुसऱ्या दिवशी तात्या आले तेव्हा काका स्कूटर घेऊन बाहेर गेले होते आणि काकू मागच्या दारी होत्या. मी वरून बघत होते. तात्या फाटकाशी थांबले नाहीत, कोणाला हाक मारली नाही, इकडेतिकडे बघितलंही नाही. फाटक ढकललं, आत आले, कळशी भरली, नळ घट्ट बंद केला आणि आपल्या घरी गेले.